वेढ्यातले दान

१८ ऑक्टोबर २०२४ रोजी क्युबाच्या मातान्सास प्रांतातले आन्तोनियो गितेरास औष्णिक वीज केंद्र बंद पडले आणि त्यापाठोपाठ सगळ्या देशाचे वीजजाळे कोसळले. सुमारे एक कोटी वस्तीचे बेट अंधारात गेले. वीज पूर्ववत व्हायला काही दिवस लागले, आणि त्याच दिवसांत ऑस्कर चक्रीवादळ बेटाच्या पूर्व टोकावर आदळले. पुढे नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये, मग २०२५ च्या मार्च आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा हेच घडले. यामागची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. देशाची बहुतांश वीज तेल जाळून होते. केंद्रे जुनी आहेत. देशातले कच्चे तेल जड आणि गंधकयुक्त असल्याने बॉयलर लवकर खराब होतात. बाहेरून तेल आणायला परकीय चलन नाही, आणि १९६२ पासून अमेरिकेने लादलेल्या व्यापारबंदीमुळे सुटे भाग, कर्ज आणि जहाजे मिळवणे कठीण झाले आहे. अशा स्थितीत हा देश गेली सहा दशके कोणा ना कोणा परक्याच्या ऊर्जेवर तगून आहे: आधी सोव्हिएत संघ, मग व्हेनेझुएला, अधूनमधून रशिया आणि मेक्सिको, किनाऱ्यावर नांगरलेली तुर्की वीजजहाजे आणि अलीकडे चीनची सौर पॅनेल. यातल्या प्रत्येक देणाऱ्याचा काही ना काही स्वार्थ होता. म्हणून राजकारणापेक्षा जुना असा एक प्रश्न इथे उभा राहतो. वेढ्यात सापडलेल्या लोकांना ऊर्जा पुरवणे हा धर्म आहे का? आणि देणाऱ्याचे मन स्वच्छ नसेल, तर त्या देण्याचे नैतिक मोल काय?

आपल्याकडे या प्रश्नाचे पहिले उत्तर गीतेच्या सतराव्या अध्यायातून येते. तिथे दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, अथवा जिवावर येऊन दिलेले ते राजस. चुकीच्या स्थळी आणि वेळी, अपात्राला, अनादराने दिलेले ते तामस. ही कसोटी जशीच्या तशी लावली, तर क्युबाला मिळालेली जवळजवळ प्रत्येक मदत राजस ठरते. सोव्हिएत संघाला अमेरिकेच्या दारात एक मित्र हवा होता, व्हेनेझुएलाला डॉक्टर हवे होते, चीनला आपले स्थान हवे आहे. मग धार्मिक वृत्तीचा वाचक आणि व्यवहारी मुत्सद्दी या दोघांचाही निष्कर्ष एकच होतो: हा सौदा आहे, त्याला दान म्हणू नये आणि त्याच्या बाजूने धर्माची साक्षही काढू नये. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. हेतूची कसोटी देणाऱ्या व्यक्तीच्या चित्तशुद्धीसाठी आहे. ती त्याने स्वतःला लावायची असते. राज्याला असे एक चित्त नसते. एकाच निर्णयात कोणाची करुणा असते, कोणाचा हिशेब, कोणाची निवडणूक. राज्याच्या हेतूचा शोध घेत बसले की प्रत्येक मदत संशयास्पद ठरते, आणि ज्याला मदत हवी आहे तो विचारातून निसटतो. पण त्याच श्लोकांत काही कसोट्या अशा आहेत, ज्या देणाऱ्याच्या मनात न शिरताही तपासता येतात. मदत वेळेवर आली का? ती खऱ्या गरजवंतापर्यंत पोचली का? ती देताना घेणाऱ्याचा मान राखला गेला का? राज्यांच्या देण्याघेण्याला याच कसोट्या लावायला हव्यात.

यातली सर्वांत अवघड कसोटी पात्राची आहे, आणि ऊर्जेच्या बाबतीत ती अधिकच अवघड होते. धान्य माणसाच्या हाती देता येते. सरकारवर भरवसा नसेल तर ते चर्चच्या, रेड क्रॉसच्या किंवा गावातल्या एखाद्या संस्थेच्या हाती सोपवता येते. विजेचे तसे नाही. बंदरात उतरलेले तेल वीज केंद्रात जाते, तिथून वीज एकाच जाळ्यात मिसळते, आणि त्या जाळ्यावर शस्त्रक्रियेची खोली असते तशी पोलिस चौकीही असते. पाण्याचे पंप, बेकरीची भट्टी, लसींचे शीतगृह, शाळा, मंत्रालय आणि तुरुंग या सगळ्यांना तीच वीज जाते. कोणते युनिट निरपराधाचे आणि कोणते अपराध्याचे हे तारेला कळत नाही. पात्र आणि अपात्र यांची निवड इथे देणाऱ्याच्या हातात राहतच नाही. माझा सगळा युक्तिवाद या एका वस्तुस्थितीवर उभा आहे. ती दोन्ही बाजूंना सारखीच बांधते. आपण फक्त जनतेला देतो, सरकारला नाही, असे देणाऱ्याला म्हणता येत नाही. आणि आपण फक्त सरकारला शिक्षा करतो, जनतेला नाही, असे अडवणाऱ्यालाही म्हणता येत नाही.

अडवणाऱ्याने हे सुरुवातीपासून ओळखले होते, याला कागदोपत्री पुरावा आहे. १९६० च्या फेब्रुवारीत सोव्हिएत उपपंतप्रधान अनास्तास मिकोयान हवानाला आले आणि साखरेच्या बदल्यात तेलाचा करार झाला. ते कच्चे तेल शुद्ध करायला टेक्साको, एस्सो आणि शेल या कंपन्यांनी नकार दिला. क्युबाने त्यांचे शुद्धीकरण कारखाने ताब्यात घेतले. जुलैमध्ये अमेरिकेने क्युबाचा साखरेचा कोटा कापला, ऑक्टोबरमध्ये बहुतेक निर्यात थांबवली आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये व्यापार पूर्ण बंद केला. म्हणजे या भांडणातली एक मोठी ठिणगी तेलावरून पडली. या घटनाक्रमाच्या सुरुवातीलाच, ६ एप्रिल १९६० रोजी, अमेरिकी परराष्ट्र खात्यातले अधिकारी लेस्टर मॅलरी यांनी एक टिपण लिहिले. बहुसंख्य क्युबन लोक सत्तेवर असलेल्या फिदेल कास्त्रोंच्या पाठीशी आहेत हे त्यात मान्य केले होते. म्हणूनच बेटाला पैसा आणि माल मिळू न देता वेतन घटवावे, भूक आणि हताशा निर्माण करावी आणि त्यातून सरकार पाडावे, असा त्याचा आशय होता. हे टिपण पुढे अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. त्यातली योजना सरकारला लोकांपासून वेगळे काढून शिक्षा करण्याची नव्हती. सरकारपर्यंत पोचण्याची वाट म्हणून लोकांच्या त्रासाचाच वापर करायचा होता.

लोकांच्या त्रासाचा असा वापर करणे योग्य की अयोग्य, यावर मानवाने वेढ्याच्या संदर्भात फार पूर्वीपासून विचार केला आहे. कौटिल्य हा काही भाबडा माणूस नव्हता. आपल्या ग्रंथातल्या किल्ला जिंकण्याच्या प्रकरणात तो शत्रूची पिके नष्ट करायला आणि रसद तोडायला सांगतो. पण त्याच प्रकरणात तो असेही सांगतो की त्या मुलखात वसलेल्या लोकांना अभय द्यावे, कारण माणसांवाचून देश नाही आणि देशावाचून राज्य नाही. बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्रकार मायमोनिडीझ सांगतो, की शहराला वेढा घालताना तो तीनच बाजूंनी घालावा आणि ज्यांना निसटायचे आहे त्यांच्यासाठी चौथी बाजू मोकळी ठेवावी. विसाव्या शतकात मायकेल वॉल्झर या अमेरिकी विचारवंताने न्याय्य युद्धावरच्या आपल्या ग्रंथात वेढ्याची चर्चा करताना बाहेर पडण्याच्या याच हक्कावर भर दिला. हे तिघे वेगवेगळ्या काळांतले आणि वेगवेगळ्या श्रद्धांचे. तिघांनाही युद्ध मान्य आहे आणि तिघेही एका मर्यादेपाशी थांबतात: ज्याचा लढ्याशी संबंध नाही, त्याला एक तरी वाट उरली पाहिजे. बेटाला जमिनीवरची चौथी बाजू नसते. १९९४ च्या उन्हाळ्यात सुमारे ३५,००० क्युबन लोक तराफ्यांवरून समुद्रात उतरले, तीच त्यांची चौथी बाजू होती, आणि तिच्यात किती जण बुडाले याची पक्की नोंद नाही. तिसऱ्या देशातून येणारे तेलाचे जहाज ही त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आणि माणुसकीची चौथी बाजू आहे. तिच्यामुळे माणसांना घर न सोडता तग धरता येतो.

यावर कोणी म्हणेल, की फायदा आणि तोटा दोन्ही जर विभागता येत नसतील, तर वीज देण्याचे आणि अडवण्याचे पारडे समसमान झाले. तसे होत नाही, आणि ते का होत नाही हे अनुभवाने दाखवले आहे. टंचाई सगळ्यांवर येते, पण सगळ्यांना सारखीच पोचत नाही. सोव्हिएत मदत थांबल्यावर १९८९ ते १९९३ या काळात क्युबाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घसरले. गाड्या थांबल्या, चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणाव्या लागल्या, ट्रॅक्टरऐवजी बैल जुंपले गेले. अपुऱ्या आहारात माणसे मैलोगणती चालत आणि सायकल चालवत राहिली. १९९१ ते १९९३ मध्ये डोळ्यांच्या आणि हातापायांच्या मज्जातंतूंचा एक विकार पसरला. त्याने ५०,००० हून अधिक लोकांना ग्रासले, आणि तो आटोक्यात आणायला सगळ्या देशाला जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटाव्या लागल्या. या काळात सरकार पडले नाही. हैतीचे उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. तिथल्या लष्करी राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी १९९३ आणि १९९४ मध्ये तेलबंदी लादली. डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवरून तेलाची चोरटी आयात सुरू झाली, तिच्यातून लष्करी अधिकाऱ्यांनीच पैसा केला, आणि गरिबाच्या घरी रॉकेल महागले. ते सेनानी अखेर गेले ते अमेरिकी सैन्य उतरण्याच्या बेतात आले तेव्हा. सत्ताधाऱ्याकडे जनरेटर असतो, साठा असतो, चोरवाट असते. डायलिसिसवरचा रुग्ण, तान्हे मूल, विहिरीच्या पंपावर अवलंबून असलेली वस्ती यांच्याकडे यातले काहीच नसते. अंधार दुर्बळाला आधी गाठतो आणि बलवानाला शेवटी, गाठलाच तर. म्हणून जिथे पात्र वेगळे काढता येत नाही, तिथे चूक करायचीच असेल तर ती देण्याच्या बाजूने करावी. न देण्याची चूक नेमकी ज्याला वाचवायचे आहे त्याच्याच अंगावर येते.

पहिला गंभीर आक्षेप असा: कोणत्याही देशाने कोणाशी व्यापार करावा हा त्याचा स्वतःचा अधिकार आहे. अमेरिकेने क्युबाला तेल विकलेच पाहिजे असे कोणते शास्त्र सांगते? कोणतेच नाही. आपले दुकान कोणासाठी उघडायचे, हे दुकानदाराने ठरवावे. शिवाय २००० सालच्या कायद्याने अमेरिकी अन्नधान्य क्युबाला रोखीने विकायला परवानगी दिली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. १९९२ च्या कायद्याने क्युबाच्या बंदरात व्यापारासाठी गेलेल्या जहाजाला पुढचे १८० दिवस अमेरिकी बंदरात माल चढवण्या-उतरवण्याची मनाई केली. १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्याने तिसऱ्या देशांतल्या कंपन्यांनाही कोर्टात खेचण्याची सोय केली. २०१९ मध्ये व्हेनेझुएलाचे तेल क्युबाला नेणाऱ्या टँकरांवर आणि त्यांच्या मालकांवर निर्बंध लादले गेले. स्वतः न देणे वेगळे आणि दुसऱ्याने द्यायला निघाल्यावर त्याचा हात धरणे वेगळे. पहिल्या कृतीत स्वातंत्र्य आहे. दुसऱ्या कृतीत दुसऱ्याचे स्वातंत्र्य आणि तिसऱ्याची गरज, दोन्ही तुडवले जातात. संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून या व्यापारबंदीविरुद्ध ठराव करत आली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये १८७ देश ठरावाच्या बाजूने होते आणि २ विरुद्ध. बहुमताने सत्य सिद्ध होत नाही. तरी इतक्या भिन्न राजवटींचे, एरवी कशावरही एकमत न होणारे देश ज्या गोष्टीवर एकत्र येतात, तिला निव्वळ डावे राजकारण म्हणून बाजूला सारता येत नाही. १९९८ च्या जानेवारीत पोप जॉन पॉल दुसरे हवानाला आले. साम्यवादाला आयुष्यभर विरोध केलेल्या या माणसानेही बाहेरून लादलेले हे निर्बंध अन्याय्य आणि नैतिकदृष्ट्या अग्राह्य ठरवले, आणि त्याच दौऱ्यात क्युबाच्या सरकारकडे कैद्यांच्या सुटकेची मागणीही केली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अशी मदत जुलमी राजवटीला जगवते, आणि जुलमाला जगवणे हा अधर्म आहे. क्युबात एकाच पक्षाची सत्ता आहे. ११ जुलै २०२१ रोजी वीज, अन्न आणि औषधे यांच्या टंचाईने त्रासलेले लोक रस्त्यावर आले तेव्हा शेकडो जणांना तुरुंगात टाकले गेले, काहींना प्रदीर्घ शिक्षा झाल्या. हे झाकून मदतीची बाजू मांडणे खोटेपणाचे होईल. शिवाय आक्षेप घेणारा दक्षिण आफ्रिकेचा दाखला देऊ शकतो. तिथल्या वंशभेदी राजवटीशी व्यापार तोडण्यात १९४६ मध्ये भारतच सर्वांत पुढे होता, आणि पुढे अरब देशांनी तेलही रोखले. ते योग्य होते, तर हे अयोग्य कसे? यातला फरक मला असा दिसतो. दक्षिण आफ्रिकेत ज्यांना सर्वांत जास्त झळ पोचणार होती, त्या कृष्णवर्णीय बहुसंख्याकांच्या नेत्यांनीच जगाकडे बहिष्काराची मागणी केली. १९५९ मध्ये अल्बर्ट लुथुली यांनी तसे जाहीर आवाहन केले होते. स्वतःच्या मुक्तीसाठी उपास पत्करणे हे तप आहे. दुसऱ्याच्या मुक्तीचे नाव घेऊन त्याच्यावर उपासमार लादणे याला तप म्हणता येणार नाही. क्युबातल्या विरोधकांमध्ये निर्बंधांवरून एकमत कधीच नव्हते, आणि तिथल्या कॅथलिक बिशपांनी तर १९६९ मध्येच व्यापारबंदीच्या विरोधात पत्र काढले. सोसणाऱ्यांची संमती जिथे आहे, तिथे बहिष्काराला नैतिक आधार मिळतो. ती नसताना कारण कितीही उदात्त सांगितले तरी तो वेढाच राहतो. शिवाय साठ वर्षांच्या वेढ्याने ती राजवट पडली नाही, उलट प्रत्येक अपयशाला तिला तयार सबब मिळाली, हेही अनुभवाने दिसले आहे.

तिसरा आक्षेप म्हणतो, की ही दैना क्युबाच्या सरकारनेच ओढवून घेतली. यात बरेच तथ्य आहे. १९८० च्या दशकात वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख टनांपर्यंत सोव्हिएत तेल येत होते. त्यातला काही भाग क्युबा पुन्हा विकत असे, आणि काही वर्षे साखरेपेक्षा त्यातूनच अधिक परकीय चलन मिळाले. तो सुकाळाचा काळ होता, पण ऊर्जेचा स्वतंत्र पाया तेव्हा घातला गेला नाही. अगदी अलीकडच्या वर्षांतही, पर्यटक घटलेले असताना, वीज केंद्रांपेक्षा हॉटेलांच्या बांधकामावर कितीतरी अधिक पैसा लावला गेला. हे दोष खरे आहेत आणि त्यांचा जाब क्युबाच्या लोकांनी आपल्या राज्यकर्त्यांना विचारला पाहिजे. पण कुटुंबप्रमुखाने पैसा उधळला म्हणून त्याच्या आजारी मुलाला औषध नाकारायचे नसते. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस सांगतो, की गरज अगदी टोकाची झाली की खासगी मालकीच्या वस्तूही सामाईक होतात, आणि अशा वेळी गरजवंताने घेतले तर ती चोरी नव्हे. गरजेचा हक्क तो लायकीवर अवलंबून ठेवत नाही. आपल्याकडेही दारी आलेल्या भुकेल्याला आधी ताट वाढावे, चौकशी नंतर करावी, हीच रीत मानली गेली आहे. मदतीसोबत हिशेब मागणे गैर नाही. हिशेब मिळेपर्यंत शस्त्रक्रियेच्या खोलीतला दिवा विझवून ठेवणे मात्र गैर आहे.

इथपर्यंत देण्याच्या बाजूने बोललो. पण तीच कसोटी आता देणाऱ्यालाही लावली पाहिजे, नाहीतर हा युक्तिवाद एकतर्फी वकिली ठरेल. ऊर्जा ही धान्यासारखी एकदा देऊन मोकळे होण्याची गोष्ट नाही. ती रोज लागते, आणि रोज देणाऱ्याच्या हाती रोज एक झडप असते. १९६८ च्या जानेवारीत फिदेल कास्त्रो यांनी पेट्रोलचे रेशनिंग जाहीर केले, कारण मॉस्को गरजेच्या प्रमाणात पुरवठा वाढवत नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा लहान देशांच्या सार्वभौमत्वाचा कैवार घेणाऱ्या कास्त्रोंनी त्या आक्रमणाला पाठिंबा दिला. त्या पाठिंब्यामागे तेल किती आणि विचारसरणी किती, हे मोजून सांगता येणार नाही. पण ज्याचे वीज केंद्र मॉस्कोच्या तेलावर चालत होते, त्याला नकार देणे किती महाग पडले असते हे उघड आहे. सिएनफ्वेगोसजवळ हुरागुआ इथे १९८३ पासून सोव्हिएत मदतीने अणुवीज केंद्र बांधले जात होते. देणारा देशच उरला नाही, तेव्हा १९९२ मध्ये ते काम अर्धवट सोडावे लागले, आणि तो सांगाडा तसाच उभा आहे. एका वेढ्यातून सुटण्यासाठी घेतलेला आधारच दुसरे बंधन झाला. म्हणून राज्यांच्या दानाची खरी कसोटी मला इथे सापडते: घेणाऱ्याकडे नाही म्हणण्याची ताकद उरली का? हेतू राजस असला तरी ज्या मदतीने ती ताकद वाढते, ती मदत धर्माच्या जवळ जाते. हेतू कितीही गोड शब्दांत सांगितला, पण ती ताकद घटली, तर ती मदत म्हणजे मऊ हातांनी घातलेला वेढाच.

व्हेनेझुएलाच्या मदतीत अशा देण्याघेण्याचे एक पाऊल पुढचे रूप दिसते. ३० ऑक्टोबर २००० च्या करारानुसार व्हेनेझुएलाने दिवसाला ५३,००० पिंप तेल सवलतीत द्यायचे ठरले. बदल्यात क्युबाने डॉक्टर, शिक्षक आणि क्रीडा प्रशिक्षक दिले, आणि पुढे हजारो क्युबन डॉक्टर काराकासच्या झोपडपट्ट्यांत काम करू लागले. यात परतफेड आहे म्हणून शब्दशः वाचले तर हे राजस ठरेल. पण घेणारा इथे हात पसरून उभा नव्हता, आपल्याकडचे सर्वोत्तम तेच तो देत होता, आणि मानाच्या दृष्टीने ही देवाणघेवाण एकतर्फी उपकारापेक्षा उजवी होती. उणीव अशी, की डॉक्टरांच्या कमाईचा मोठा वाटा त्यांचे सरकार घेत असे, आणि व्हेनेझुएलाची तेलविहीर आटू लागताच हवानातले भारनियमन परत आले. विनोबा भावे यांनी भूदानात दानाची जी कल्पना मांडली, ती इथे उपयोगी पडते. ते जमीनदाराला सांगत, की भूमिहीनाला तुमच्या घरातला आणखी एक मुलगा समजा आणि त्याचा वाटा त्याला द्या. वाटा घेणारा मिंधा होत नाही, आणि एकदा मिळालेली जमीन दर महिन्याला पुन्हा मागावी लागत नाही. विनोबांनी दान म्हणून धान्याच्या पोत्यांऐवजी जमीन मागितली, कारण पोते संपते आणि जमीन दरवर्षी पिकते. ऊर्जेच्या बाबतीत तेल म्हणजे पोते, आणि ऊर्जा निर्माण करण्याचे साधन म्हणजे जमीन.

म्हणून क्युबात सध्या उभे राहत असलेले सौर प्रकल्प मला लक्ष देण्याजोगे वाटतात. चीनच्या मदतीने देशभर सौर उद्याने बांधली जात आहेत, आणि २०२८ पर्यंत सुमारे २००० मेगावॉटची क्षमता गाठण्याचे उद्दिष्ट आहे. एकदा बसवलेल्या पॅनेलवरचे ऊन कोणत्याही टँकरने आणावे लागत नाही, आणि ते कोणत्याही राजधानीतून बंद करता येत नाही. पण याबाबत भाबडे राहून चालणार नाही. सूर्य मावळल्यावर घराघरांत चुली आणि दिवे लागतात, आणि तुटवडा नेमका तेव्हाच सर्वांत मोठा असतो. साठवणुकीच्या बॅटऱ्या नसतील तर दुपारची वीज रात्री उपयोगाची नाही. इन्व्हर्टर बिघडला आणि तो दुरुस्त करण्याचे ज्ञान व भाग फक्त देणाऱ्याकडे असतील, तर झडप पुन्हा त्याच्याच हाती जाते. म्हणून देणाऱ्याने पॅनेलबरोबर साठवण द्यावी, दुरुस्तीचे कारखाने आणि प्रशिक्षण द्यावे, आणि कर्जाच्या अटी उघड ठेवाव्यात. तोपर्यंत तेलही देत राहावे, कारण पाच वर्षांनी येणाऱ्या स्वावलंबनाच्या आशेवर आज रात्रीची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत नाही. आजची गरज आणि उद्याची मोकळीक ही दोन कर्तव्ये आहेत. एकाचे कारण सांगून दुसरे टाळण्याची मुभा देणाऱ्याला नाही.

या सगळ्यात आपण कुठे आहोत, हे विचारल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. १९९२ मध्ये क्युबाच्या सर्वांत कठीण काळात भारतात गहू गोळा केला गेला. कम्युनिस्ट नेते हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने १०,००० टन गहू जहाजाने हवानाला गेला. संयुक्त राष्ट्रांत भारत सातत्याने व्यापारबंदीच्या विरोधात मत देत आला आहे. हे अभिमानाचे आहे, पण तत्त्वाची परीक्षा दूरच्या बेटावर होत नाही, ती शेजारी होते. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळने नवे संविधान स्वीकारले. त्यानंतर, त्या संविधानावर नाराज असलेल्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनाच्या काळात भारताच्या सीमेवरून जाणारा इंधनाचा आणि औषधांचा पुरवठा काही महिने जवळजवळ थांबला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये भूकंपात तिथे सुमारे ९,००० माणसे दगावली होती, आणि हजारो कुटुंबे हिमालयाचा हिवाळा ताडपत्रीखाली काढत होती. ही नाकेबंदी आपण केलेली नाही, ती आंदोलकांमुळे झाली, अशी भारत सरकारची भूमिका होती. नेपाळी जनतेने ती मानली नाही. मधेशींच्या तक्रारी खऱ्या होत्या, तरीही स्वयंपाकाचा गॅस नसलेल्या डोंगराळ घराला त्या तक्रारींची शिक्षा भोगायला लावणे, ही क्युबाच्या बाबतीत आपण जिचा निषेध करतो तीच चूक आहे. तेव्हा चीनने १३ लाख लिटर पेट्रोल भेट दिले. त्यामागे चीनचा हिशेब होताच, पण ते पेट्रोल रुग्णवाहिकेत गेले असेल, तर त्या क्षणी धर्म चीनच्या बाजूला होता, हे मान्य करण्याचे धैर्य आपल्यात असायला हवे.

म्हणून माझा निष्कर्ष कोणत्याही एका देशाच्या बाजूचा नाही. ऊर्जा विभागता येत नाही, आणि तिच्या अभावाची झळ आधी दुर्बळाला लागते. म्हणून वेढ्यातल्या लोकांना ती पोचवणे हे कर्तव्य आहे. देणाऱ्याचा स्वार्थ हे ते कर्तव्य रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या स्वार्थाला मर्यादा घालणे हा दुसरा भाग आहे, आणि ती मर्यादा म्हणजे घेणाऱ्याची नकार देण्याची ताकद. भारताने २०१५ मध्ये फ्रान्सबरोबर आंतरराष्ट्रीय सौर संघटनेचा पुढाकार घेतला तो मुख्यतः कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या, भरपूर ऊन असलेल्या देशांना डोळ्यांसमोर ठेवून. हवाना कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. दर वर्षी आमसभेत हात वर करण्याबरोबर बॅटऱ्या, तंत्रज्ञ आणि दुरुस्तीचे ज्ञान तिथे पाठवणे हे आपल्या मताशी सुसंगत ठरेल. आणि आपल्या सीमेवरून कोणत्याही शेजाऱ्याचे इंधन, कोणत्याही वादात, पुन्हा कधी अडू न देणे ही त्याच्याही आधीची जबाबदारी आहे. दुसऱ्याच्या वेढ्याविरुद्ध मत देण्याचा अधिकार आपल्याला या जबाबदारीतूनच मिळतो.